बिबळ्याचं बाकडं

हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, आणि पटवून देत बसायला सवड तरी कुणाला आहे. पण सांगलीच्या एस. टी. स्टँडासमोर आकारामच्या चहाच्या गाड्यापुढं जे बाकडं असतं, त्या बाकड्यानं एकोणऐंशी सालच्या माघात एका माणसाला ओळखलं. माणसानं बाकड्याला ओळखलं ते नंतर. माणूस बासष्ट वर्षांचा, अंगात तपकिरी कोट, कोटाच्या खिशात भिंग, आणि त्या भिंगाचा गेल्या तीन वर्षांत पेपरातली बारीक अक्षरं वाचण्यापलीकडं काही उपयोग नाही. नाव नाथाजी फाळके. साताऱ्याच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पिंपरवळ या आपल्या गावच्या नगरपालिकेत सात वर्षं सभासद म्हणून बसले, आणि मग एक दिवस दोन्हींकडं पाठ करून इथं सांगलीत येऊन राहिले. कोरेगावहून विट्यावरनं येणारी साडेदहाची गाडी यायची होती. त्या गाडीनं पिंपरवळचा धनगर धुळा येणार होता. फाळकेसर पाऊण तास आधीच आले होते, कारण घरी बसवेना. आकारामनं बाकड्यावर अर्धा तांब्या पाणी ओतलं, फडक्यानं एक हात मारला, “बसा सर, वाळंल आत्ता,” म्हणाला आणि स्टोला पंप मारायला वळला. फळीच्या मधोमध जरा खोलगट भाग होता. तिथं ओंजळभर पाणी साचून राहिलं. फडकं त्यावरनं फिरलं तसं ते आधी चहाच्या रंगाचं झालं. मग स्टँडाच्या पत्र्यावरनं ऊन तिरकं उतरलं आणि त्या तपकिरी पाण्याच्या काठानं निळी झाक उठली. मोराच्या मानेवर असते तशी. सरांनी मान डावीकडं केली, निळं गेलं. उजवीकडं केली, पुन्हा आलं.

असलं निळं पाणी ते रोज सकाळी बघत होते. बायकोला, मुक्ताबाईंना, साखरेचा आजार. त्यांच्या उशाशी लाकडाचा एक पेला असे, रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि उठल्याबरोबर प्यायचं. बिबळ्याच्या लाकडाचा पेला. बिबळ्याचं लाकूड पाण्याला असा रंग देतं, दुसरं कुठलं झाड देत नाही, निदान सह्याद्रीच्या या अंगाला तरी नाही. हे वाक्य त्यांनी अठ्ठावीस वर्षं दरवर्षी एकदा वर्गात म्हटलं होतं आणि म्हणताना ग्लासात लाकडाचा तुकडा टाकून तो उन्हात धरला होता. मागच्या बाकांवरनंसुद्धा हं असा आवाज यायचा. घरचा पेला धुळानं कोरून दिलेला. पिंपरवळच्या माळाच्या कडेला, धनगरवाड्याच्या वर एक बिबळा होता, त्याची वादळात मोडलेली फांदी. तो तिथं असायचं काही कारण नव्हतं. बिबळा हे पश्चिमेकडच्या ओल्या रानाचं झाड. इकडं कोरेगावच्या बाजूला, खडकाळ उतारावर, बाभळी-बोरींच्या संगतीत ते एकटं कसं आलं, कुणी आणलं, कुठल्या पाखराच्या पोटातनं आलं, का वाऱ्यावर त्याची चकतीसारखी शेंग उडत येऊन पडली, याचा शोध घेण्यात फाळकेसरांची उमेदीची वर्षं गेली. त्यावरच त्यांचा पहिला निबंध छापून आला होता. पण बिबळा काय एकच होता का जगात? आंब्याचा घाट, कोयनेचं खोरं, सगळीकडनं लाकडं येतात सांगलीच्या वखारीत. उगाच कशाला. सरांनी स्वतःला असं समजावलं आणि ते बसले. बसताना आधारासाठी उजवा हात फळीच्या कडेला लावला, आणि तर्जनीच्या टोकाला काहीतरी गार लागलं. वाकून बघितलं. लाकडात रुतलेला, करवतीनं निम्मा कापलेला, कडेनं हिरवट झालेला तांब्याचा खिळा.

एकोणपन्नास सालचा भादवा. बत्तीस वर्षांचे नाथाजी फाळके, खांद्याला पत्र्याची पेटी, हातात हातोडी. वरती झाड पिवळ्या फुलांनी लगडलेलं, इतकं की फांदी दिसत नव्हती, आणि माशांचा असा घुमारा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. धुळा शेजारी उभा. तेव्हा चाळिशीचा असेल, बांधा आडवा, धनगराची ती उभं राहायची रीत, काठीवर हनुवटी. त्याला त्या डोंगराचं पान न् पान पाठ होतं. नावं त्याची वेगळी, सरांची वेगळी, पण झाड एकच. कुठलं कवा फुलतं हे सर त्याच्याकडनंच लिहून घ्यायचे, कारण सर सुट्टीला डोंगरात आणि धुळा बारा महिने. झाडावर नंबराची पत्र्याची चकती ठोकायची, म्हणजे पुढं कधीही कुणीही आलं तर हेच ते झाड हे कळावं, असं सरांनी सांगितलं. लोखंड गंजतं म्हणून मुद्दाम तांब्याचे खिळे आणलेले. धुळानं हातोडी धरली. “तांब्याचा खिळा मारल्यावर झाड वाळतंय, सर. ठावं न्हाई व्हय तुमाला? दावा असला की लोकं रातचं जाऊन मारत्यात खिळा.” सर हसले. शास्त्रात तसं काही नाही म्हणाले. “शास्त्रात नसंल. आमच्यात हाय. ह्या झाडाखाली बिरोबाची जत्रा भरती आमची. मारायचाच आसंल तर भंडारा उचला.” आणि त्यानं कमरेच्या पिशवीतनं हळदीची पूड काढून सरांच्या तळहातावर ठेवली. भंडारा उचलून दिलेला शब्द धनगर मोडत नाही, आणि दुसऱ्यानं मोडला तर त्याच्या घरचं पाणी पीत नाही. नाथाजी फाळक्यांना तेव्हा ते सगळं फार सुंदर वाटलं होतं. वर फुलं, खाली हळद. त्यांनी भंडारा कपाळाला लावला आणि म्हणाले, माझ्या हातनं या झाडाला कुऱ्हाड लागू देणार नाही. मग खिळा मारला. साल फुटली तिथनं रक्तासारखा लाल चीक आला, आणि धुळा बराच वेळ तो अंगठ्यानं पुसत राहिला, जनावराच्या जखमेवरनं हात फिरवावा तसा.

माघातल्या सांगलीला हळदीचा वास असतो. बाजारात नव्या हळदीच्या गाड्या लागलेल्या असतात, हमालांचे सदरे, नोटा, बैलांच्या पापण्या, सगळं पिवळं. पिंपरवळ सोडायचं ठरलं तेव्हा मुक्ताबाई म्हणाल्या होत्या, पुण्याला जाऊ. पण मुलगी सांगलीत दिलेली, घर स्वस्तात मिळालं, आणि सर म्हणाले, हवा चांगली आहे. पहिल्याच माघात खिडकी उघडली आणि तो वास आत आला. तेव्हापासून वर्षातले दोन महिने फाळकेसर खिडकी लावून बसत. मुलीला वाटे, बाबांना धुळीचा त्रास आहे. डॉक्टरनं थेंबसुद्धा दिले होते नाकात घालायला. घरात पलंगाखाली, माळ्यावर, न्हाणीघराच्या बोळकांडीत पत्र्याच्या ट्रंका होत्या. ट्रंकांत चार हजार कागद, प्रत्येक कागदावर एक वाळलेली फांदी, खाली कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, कुणी गोळा केलं. डांबराच्या गोळ्या टाकूनही कीड लागत होती. कागदावर तारीख आणि ठिकाण असलं की ती वनस्पती खोटं बोलत नाही, असंही ते वर्गात सांगत.

आणि याच कागदांसाठी त्यांनी एकदा हात वर केला होता; कागदांसाठी का आणखी कशासाठी, हे त्यांनी स्वतःला कधी नीट विचारलंच नव्हतं. पिंपरवळच्या नगरपालिकेत सतरा सभासद. अध्यक्ष लालासाहेब; शाळेत एका बाकावर बसणारे, एकाच्या डब्यातलं दुसऱ्यानं खाल्लेलं. पाच वर्षांपूर्वीचा चैत्र. माळावरनं उसाच्या गाड्यांसाठी रस्ता न्यायचा होता, आणि मतं आठाला आठ पडणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सतरावं मत प्रोफेसरचं. लालासाहेब आदल्या दिवशी संध्याकाळी घरी आले. चपला काढून आत आले, मुक्ताबाईंना वहिनी म्हणाले, दोन भजी जास्त खाल्ली. मग नकाशा उलगडला. “नाथा, तुझं झाड मला काय कळत नाही व्हय रं? हे बघ. इथं वाकवलाय रस्ता. झाडाला वळसा घालून जातोय. तुझा बिबळा आपला आहे तिथंच.” रस्त्याची रेघ शाईची होती. वळसा तेवढा पेन्सिलीचा. ते सरांनी बघितलं. चार हजार कागद पारखलेला डोळा, बघितल्याशिवाय कसा राहील! पण तेव्हा त्यांनी मनात म्हटलं, डोंगरात आपणही पेन्सिलीनंच लिहितो. शाई पाण्यानं फुटते, पेन्सिल टिकते. किती सोयीचं आठवतं माणसाला. लालासाहेब उठता उठता म्हणाले, “आणि उद्याच्या सभेत सहा नंबरला रस्ता, सात नंबरला तुझं संग्रहालय. जुन्या शाळेची इमारत. तुझी सगळी पालापाचोळ्याची ट्रंकं तिथं. दारावर तुझं नाव, संगमरवरात.” पालापाचोळा म्हटलेलं सरांना खटकलं नाही, संगमरवर तेवढं ऐकू आलं.

सभेत ठराव वाचला गेला तो टंकलेल्या कागदावरनं. कागद प्रत्येकापुढं होता. त्यात वळसा नव्हता. ‘मार्गात येणारी सर्व झाडे तोडून’ अशी ओळ होती, आणि ती त्यांनी वाचली. ही गोष्ट जगात कुणाला ठाऊक नव्हती. वाचली, पुन्हा वाचली, ‘सर्व’ या शब्दावर बोट ठेवलं. समोर लालासाहेब त्यांच्याकडं बघत नव्हते, पंख्याकडं बघत होते. सहानंतर सात येतो, सहा पडला तर सात येत नाही, हे मोजायला गणित लागत नव्हतं. हात वर झाला. आपणच उचलला असं त्या वेळी वाटलं नाही; वर्गात पोरं विचार न करता हात वर करतात, तसा गेला. कोटाची बाही खाली घसरली, मनगटावरचं घड्याळ दिसलं, अकरा वाजून वीस मिनिटं. नऊ विरुद्ध आठ. मग सात नंबर आला आणि लालासाहेब त्याच पंख्याकडं बघत म्हणाले, वेळ फार झाला, हा विषय पुढील सभेत घेऊ. पुढच्या सभेत तो नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. महिन्याभरानं सरांनी त्यांना ओसरीवर गाठलं तर लालासाहेब मोठ्यानं हसले आणि गड्याला म्हणाले, “सरांना ताक आण रं.” शाळेत एका बाकावर बसणारा माणूस असा हसू शकतो, हे त्यांना आजही झोपेत दचकवत असे. फसवलं. आपल्याला फसवलं. पाच वर्षं त्या शब्दाच्या उबेत ते राहिले होते. त्या घोंगडीखाली दुसरं काय झाकलंय, हे बघायला कोपरा उचलायची कधी गरज पडली नाही.

पहिलं खोटं मात्र ते धुळाशीच बोलले होते. ठरावाच्या आठव्या दिवशी झाड पडल्याचं कळलं तेव्हा ते धावत माळावर गेले. खोड ओढून नेलं होतं. बुंधा तेवढा उरलेला, ताटाएवढा, आणि त्यातनं लाल चीक वाहून मातीत थिजलेला. धुळा त्याच्या कडेला बसला होता. रडत नव्हता. त्यानं मान वर केली आणि विचारलंही नाही, नुसतं बघितलं, आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, “मी नव्हतो, धुळा. त्या दिवशी मी चंदन-वंदनच्या डोंगरावर होतो. मला फसवून उरकलं त्यांनी.” धुळा म्हणाला, “तरीच.” एवढंच. उठला, काठी घेतली, आणि सरळ लालासाहेबांच्या वाड्यावर गेला. तिथं काय झालं ते सरांना फार उशिरा कळलं. आणि मग ते सांगलीला आले, कृष्णेच्या घाटावर सकाळी फिरायला जाऊ लागले, तिथं निवृत्त मंडळींचा कट्टा होता: एक मामलेदार, एक पोस्टमास्तर, एक गुळाचे अडते. राजकारणाच्या गप्पा निघाल्या की सर म्हणायचे, “तुमचा विश्वास बसणार नाही, पण...” पहिल्या वर्षी गोष्टीत नुसता डोंगर होता. दुसऱ्या वर्षी त्यात वाट चुकली, एक रात्र गुहेत काढावी लागली, आणि गुहेच्या तोंडाशी सकाळी बिबट्याची पावलं निघाली. तिसऱ्या वर्षी डोंगरावर दुसरा बिबळा सापडला. तोडलेल्या झाडाचा जणू जुळा भाऊ, कड्याच्या आडोशाला, कुणाच्याही नजरेला न पडलेला. अडते म्हणाले, “वा!” चौथ्या वर्षी तो जुळा भाऊ पिवळ्या फुलांनी भरला, माशा घुमू लागल्या, आणि इकडं सभेत हात वर होत असताना तिकडं सरांच्या खांद्यावर फुलं गळत होती, असा शेवट बसला. मामलेदारांनी डोळे टिपले होते. मुक्ताबाई तेवढ्या, घरी पाहुण्यांपुढं ही गोष्ट सुरू झाली की, गॅस बघून येते म्हणून उठत. गॅस बंदच असे.

पण आज येणारा माणूस कट्ट्यावरचा नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी धुळाचं पत्र आलं, शाळेतल्या मास्तरांकडनं लिहवलेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, मिरजेला ऑपरेशन करून घ्यायचंय, एक दिवस तुमच्याकडं टेकतो. खाली आणखी लिहिलं होतं, मास्तरांच्या शुद्ध भाषेत, म्हणून जास्तच बोचलं: ‘लालासाहेबांनी त्याच दिवशी मला सांगितले की तुमच्या सरांनीच हात वर केला. मी त्यांच्या ओसरीवर काठी आपटली व त्यांच्या घरचे पाणी सोडले. तेव्हापासून त्यांच्या रानात मेंढरे बसवीत नाही.’ सरांनी ते वाचलं आणि ट्रंकेवर बसले. लालासाहेबांचं चाळीस एकर रान. उन्हाळ्यात धुळाच्या मेंढरांचं खांड तिथं बसायचं, लेंडी-मुताचं खत रानाला आणि वर्षाची ज्वारी धनगराला. धुळाच्या बापापासून, आज्यापासून चालत आलेलं. म्हणजे पाच उन्हाळे तो परक्या मुलखात बसायला जागा शोधत हिंडला. त्या एका ‘मी नव्हतो’साठी.

गाडी आली. कंडक्टरनं दंडाला धरून एकाला उतरवलं: पागोटं, घोंगडं, काठी, आणि डोळ्यांत दुधाचे दोन थेंब. “सर, तुमचंच काय हो हे पार्सल? विट्यापास्नं विचारतंय, सांगली आली का, सांगली आली का.”

“आवं इचारायला नगं? डोळं आसतं तर तुला इचारलं आसतं व्हय,” धुळा म्हणाला. “सर? कुठं हायसा?”

“इथं आहे, धुळा.”

त्यानं हात पुढं केला, कोट चाचपला, तिथनं वर हनुवटी, गाल, कपाळ. मग कमरेच्या पिशवीत चिमूट घातली आणि भंडारा ओढला कपाळावर, सर मागं सरकायच्या आत. नाकाच्या शेंड्यावर पूड सांडली. “वाळलासा,” तो म्हणाला. “आन् आवाज बी बारीक झालाय.”

“वय झालं.”

“वय मला झालंय. तुमी सावलीतलं मानूस.”

सरांनी त्याचं बोचकं घेतलं, रिक्षा करू म्हणाले, घरी जेवण तयार आहे म्हणाले, मुक्ताबाई वाट बघतायत म्हणाले. धुळा हलेना. “आदी च्या पाजा. विट्याला समदी उतरली, म्या न्हाई उतरलो. म्हनलं पयला च्या सरांच्या संगं.” आणि काठीनं ठोकत ठोकत, आवाज ऐकत, तो नेमका त्या बाकड्याशी आला आणि बसला. आकारामला गिऱ्हाईक आलं की बाकड्याची तारीफ करायची खोड. “ऐसपैस बसा आजोबा. हलणार न्हाई. बैलगाडी घातली तर मोडायची न्हाई. सागवान हाय, अस्सल.”

धुळाचा तळवा फळीवर सपाट पडला. “सागवान?”

“वखारीतनं आणलंय मी सोता.”

धुळानं ओल्या जागेवरनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. “व्हय का वो, सर?”

भिंग खिशात होतं. अठ्ठावीस वर्षांचा वर्ग समोर बसला होता, मागच्या बाकांसकट. सर म्हणाले, “सागवानच आहे.”

मग धुळा बशीत ओतून चहा प्याला. स्टँडातनं एक गाडी भोंगा वाजवत बाहेर पडली, हळदीची पोती लादलेला ट्रक तिला आडवा आला, दोन्ही डायव्हर एकमेकांच्या आयांची चौकशी करून गेले. धुळानं बशी खाली ठेवली. “सर, डोळ्याचं एक निमित्त झालं. दुसरं काम हाय तुमच्याकडं. लालासाबांचा निरोप आलाय. म्हनत्यात, झालं गेलं सोड, मेंढरं बसीव रानात. पोरगं बी माज्या मागं लागलंय. बा, किती उनाळं हिंडायचं, दोन कोकरं मेली वाटंत. पर म्या म्हनलं, त्यांनी माज्या सरांचं नाव घिऊन खोटं बोललंय. ते माघारी घेत्याल तवा बसवीन. त्ये घ्याया तयार न्हाईत. म्हनत्यात, सरांनाच इचार की जाऊन. म्हनून आलो. एकदा तुमच्या तोंडनं आयकतो. मंग पोराला सांगाया मोकळा.”

“काय ऐकायचंय?”

“त्या दिशी काय झालं. समदं. त्या टायमाला म्या धड आयकलं न्हवतं. बुंध्याकडं बघत हुतो.”

किती सोपं होतं! चार शब्द होते, मी हात वर केला, एवढंच. धुळा उठला असता, कदाचित काठी आपटली असती, कदाचित पिशवीतला भंडारा तोंडावर फेकला असता. पण उद्या त्याचं खांड लालासाहेबांच्या रानात बसलं असतं, ज्वारी घरात आली असती. सरांनी तोंड उघडलं. त्यांना खरंच ते चार शब्द म्हणायचे होते, याबद्दल त्यांना पुढंही कधी शंका आली नाही. पण त्यांनी खाली बघितलं तर धुळाचा उजवा हात फळीच्या कडेवरनं चालला होता. आंधळ्याचा हात, न घाई करणारा, गाठ लागली तर थांबणारा, फट लागली तर नख घालणारा. वीतभर पुढं खिळा. पाणी आता सुकत आलं होतं, निळ्याची एक किनार तेवढी उरली होती. त्या हाताला थांबवायचं, दुसरीकडं न्यायचं, काहीतरी द्यायचं त्याला, एवढंच सरांच्या डोक्यात आलं, आणि जिभेला जी वाट पाच वर्षांत गुळगुळीत झाली होती तिच्यावरनं ती घसरली.

“तुझा विश्वास बसणार नाही, धुळा.”

“बसंल की. बोला तर.”

“मी डोंगरावर होतो. चंदन-वंदनच्या. वाट चुकलो. रात्र गुहेत काढली, सकाळी उठून बघतो तर तोंडाशी बिबट्याची पावलं.” आवाज कट्ट्यावरचा लागला होता, आकारामनंही स्टोची हवा कमी केली. “आणि कड्याच्या अंगाला गेलो तर काय? बिबळा. आपल्या झाडाचा सख्खा भाऊ. तीच उंची, तसाच डावीकडं वाकलेला. मी म्हटलं, हे धुळाला दाखवायचं. पहिल्यांदा धुळाला.”

हात थांबला. धुळाचं तोंड सरांकडं वळलं, आणि त्या पांढऱ्या बुबुळांच्या मागं काहीतरी उजळल्यासारखं झालं. “दुसरा हाय?” तो हळूच म्हणाला. “आजून हाय त्यो?”

“आहे ना. तुझे डोळे झाले की जाऊ. मी नेतो तुला.” आता ते स्वतःच बघत होते तो. किती वर्षं एकट्यानं बघितला होता. घाटावरच्या लोकांना दाखवला तो काय दाखवणं होतं! खरा बघणारा आज शेजारी बसला होता. “धुळा, काय सांगू, एकोणपन्नास साली बघितला होता ना आपण, अगदी तस्सा. पिवळाजर्द. फांदी दिसत नव्हती. माशांचा तोच घुमारा, ओरडून बोलावं असा. मी खाली उभा, खांद्यावर फुलं पडतायत, कोटावर, पेटीवर, हातातल्या कागदावर. मी चिठ्ठीवर तारीख घालतोय चैत्राची, आणि तिकडं त्याच घटकेला ते लोक...”

धुळाचा अंगठा खिळ्यावर येऊन टेकला होता. हलत नव्हता. मग तो त्या अर्ध्या कापलेल्या गोल कडेवरनं फिरू लागला, हळूहळू, चीक पुसावा तसा. सरांना ते दिसलं, पण वाक्य अजून पुरं झालं नव्हतं आणि ते पुरं करायला तोंड उघडंच होतं.

“सर,” धुळा म्हणाला. आकाराम ऐकेल, स्टँडात उभी असलेली माणसं ऐकतील, इतक्या मोठ्यानं. “बिबळा भादव्यात फुलतोय. चैतात त्याला नुसत्या वाळल्या चकत्या. तुमीच लिवून घेतलं हुतं माज्याकडनं. खोटं बोलताय तुमी.”